कोरडी आवळलेली गाठ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. भावाला नाही. दोन पेग पोटात गेल्यावर माणूस काय काय ओकून टाकतो — तेव्हासुद्धा हे बाहेर आलं नाही, दातांमागे धरून ठेवलं. पाच वर्षं झाली. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी माझं काय वाकडं करणार आहात? आधीच सांगून ठेवतो — माफीबिफी मागायला बसलेलो नाही. रडणार तर मुळीच नाही. ऐकायचं असेल तर ऐका.

मी रेवदंड्याकडचा कोळी. एकवीस वर्षं बहारीनमध्ये एसी दुरुस्त करतोय, सलमाबादच्या एका वर्कशॉपमधून. आठवड्याचे सहा दिवस मी कुणाच्या तरी गच्चीवर उकिडवा बसलेला असतो आणि खालून कुणीतरी ओरडत असतं, "यल्ला, कितना टाइम?" माझं नाव कुणी विचारत नाही. एसीवाला म्हटलं की झालं. पण शुक्रवारी — शुक्रवारी मी नाखवा असतो. होडी नाही, शीड नाही, तरी नाखवा. हे नाव बाबलने दिलं. बाबल मालवणकडचा, डिलिव्हरीची पिकअप चालवतो. त्याच्याच गाडीतून आम्ही शुक्रवारी सकाळी गळ टाकायला जातो, कधी सित्र्याच्या बाजूला, कधी मुहर्रकच्या पलीकडच्या दगडांवर. कुठे जायचं ते मी सांगायचो. वारा बघायचा, पाण्याचा वास घ्यायचा आणि सांगायचं. बाबल गाडी तिकडे वळवायचा. बस, एवढंच माझं राज्य.

आणि अजून एक होतं. गुरुवारी संध्याकाळी सगळे माझ्या खोलीवर यायचे आपापल्या गऱ्या, म्हणजे गळाचे आकडे, घेऊन, आणि त्या मी बांधायचो. सगळ्यांच्या. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. तिला गरी बांधायचं काम आमच्यात दुसऱ्या कुणी करायचं नाही, असं कधी ठरवून ठरलं नव्हतं, पण तसंच चालायचं. सगळ्या गाठी एकाच माणसाच्या हातच्या असल्या की मासा लागतो, असं बाबलचं म्हणणं. मला काय, मी चहा पीत पीत वीस-वीस गऱ्या बांधायचो. त्यात विद्या फार नाही. तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवायची, पाच वेढे द्यायचे, टोक परत घालायचं, आणि आवळायच्या आधी गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करायची. हे विसरायचं नाही. कोरडी आवळली तर तंगूस स्वतःवरच घासून भाजते. दिसायला गाठ तशीच दिसते हो! छोट्या माशाला पुरतेसुद्धा. मोठ्याला पुरत नाही.

कळलं ना, कुठे चाललोय ते? थांबा, एवढ्यात नाही.

मिलिंद आमच्यात आला तेव्हा त्याने समुद्र फक्त विमानाच्या खिडकीतून बघितलेला. वाशीमकडचा. सीफमध्ये एका ऑफिसात ड्राफ्ट्समन, एसीत बसून इमारतींचे नकाशे काढणारा. त्याच्या फ्लॅटचा एसी दुरुस्त करायला गेलो होतो, तिथे ओळख झाली. माझ्या खिशातून गरीची डबी बाहेर पडली, त्याने उचलून दिली आणि विचारलं, "भाऊ, मले शिकवसान का?" कुणी असं तोंडावर विचारलं की मी पाघळतो. शिकवलं. गरी कुठून धरायची, आमिषाला माकूल कसा टोचायचा, शिशाचं वजन किती लावायचं, लाट दगडावर चढते तेव्हा पाय कुठे ठेवायचा, सगळं. पहिल्या वर्षी तो दगडांनाच गळ लावत राहिला. आम्ही पोट धरून हसायचो, तोही हसायचा.

आता इथे फेब्रुवारी सरत आला की पाणी जरा कोमट व्हायला लागतं, आणि थंडीत खोल गेलेले हामूर दगडांपाशी परत येतात. हामूर म्हणजे आपल्याकडचा हेकरू. सी बासच्या कुळातला म्हणे तो, हेही मिलिंदनेच कुठेतरी वाचून आम्हाला सांगितलं. मला काय कूळ करायचंय? मला त्याचं तोंड माहीत आहे. एकदा दगडाच्या कपारीत शिरला की हत्ती लावला तरी निघत नाही. हे सहा-सात शुक्रवार वर्षातले सोन्यासारखे. एप्रिल लागला की खलास, मग उन्हात दगडावर टेकवत नाही.

तर मिलिंदने काय केलं — वही आणली. आलेखाच्या कागदाची वही! प्रत्येक शुक्रवारी भरती किती वाजता, ओहोटी कधी, कुठे शिसं तळाला लवकर टेकलं, कुठे उशिरा, सगळं लिहायचा. मग पेन्सिलने पाण्याखालचा उतार काढायचा, बिल्डिंगचा काढतात तसा. आम्ही म्हणायचो, "अरे, माशांना फ्लॅट बांधून देतोस का?" दोन वर्षं त्याने ते केलं. तिसऱ्या वर्षी, हामूरच्या पहिल्याच शुक्रवारी, मी म्हटलं सित्र्याला चला. हा हळूच म्हणाला, "भाऊ, तिकडं आज दहा वाजताच पानी उतरून जाईन. मुहर्रकच्या कोपऱ्यावर गेलो तं?" मी म्हटलं जाऊ दे, पोराची हौस. गेलो. साडेनऊला त्याने चार किलोचा हामूर काढला. मला एक शेरी मासळी लागली, तळहाताएवढी.

नशीब म्हणा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी तोंड उघडायच्या आत बाबलने आरशातून मिलिंदला विचारलं, "आज खंय रे?" आणि मग माझ्याकडे बघून दात काढले — "नाखवानू, तुमचो दर्यो आज रजेवर आसा काय?"

सगळे हसले. मीही हसलो. वाईट कुणाच्या मनात नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आतून जळलो. सरळ सांगतो, जळलो. तुमच्याकडे घर असेल, हुद्दा असेल, नावापुढे काही पदवी असेल. माझ्याकडे आठवड्यातली एक सकाळ होती. आणि ती माझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने पेन्सिलीने खोडली होती.

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. येऊ दे, मीच विचारतो. तो बौद्ध, मी कोळी — म्हणून का? मी त्याच्या घरी शंभरदा जेवलोय. त्यांच्या जयंतीच्या कार्यक्रमाला पुढच्या खुर्चीवर बसलोय, टाळ्या वाजवल्यात. माझ्या थुंकीने ओली केलेली तंगूस तो बिनदिक्कत दातांनी ओढायचा. मग? मग असं आहे की, हाच मासा बाबलने काढला असता तर मी एवढा जळलो असतो का? नसतो. बाबल समुद्राकाठचा. दर्या आमचा, आमच्या बापजाद्यांचा, आणि हा वाशीमचा माणूस, हा — ह्याने मला सांगावं पाणी कधी उतरतं? त्या "हा" मध्ये काय काय होतं, ते मी त्या वेळी उकरून बघितलं नाही. आज बघतो तर सगळं दिसतं. नाही म्हणालो तर खोटं ठरेल. मी नाही म्हणत नाही.

तर त्याच्या पुढच्या वर्षी, हामूरचे दिवस तोंडावर आले तेव्हा, गुरुवारी संध्याकाळी माझ्यासमोर चार जणांच्या गऱ्या पडल्या होत्या. माझ्या, बाबलच्या, बाबलच्या खोलीतल्या एकाच्या आणि मिलिंदच्या. मिलिंदच्या ओळखू यायच्या, तो एका वेगळ्या डबीत नंबर लावून ठेवायचा. मी त्याची पहिली गरी घेतली. पाचऐवजी तीन वेढे दिले. तोंडाजवळ नेली — आणि नेली नाही. कोरडीच आवळली. अंगठ्याला तंगूस गरम लागली, एवढं आठवतं. मग दुसरी. मग तिसरी. सगळे समोर बसले होते, चहा पीत होते. कुणाच्या लक्षात येणार? नाखव्याच्या हाताकडे कोण बघतं?

ते गेल्यावर मी एक तशीच गाठ बांधून दाराच्या कडीला अडकवली आणि ओढून बघितली. तुटली नाही. सरकली. वेढे एकेक करून सुटत गेले आणि गरी हातात आली. तेव्हा — मला ठाऊक नव्हतं, रागाच्या भरात झालं, असलं काही मी सांगणार नाही. मी तपासून बघितलं होतं. एसीचा गॅस तपासतात तसं तपासलं.

तीन शुक्रवार काहीच झालं नाही. मिलिंदला छोटे मासे लागले, छोट्यांना ती गाठ पुरली. मला वाटलं, चला, निसर्गानेच निकाल लावला. तरी चौथ्या गुरुवारी मी पुन्हा तशाच बांधल्या. आणि आता जे सांगणार आहे ते सांगायलाच हे सगळं सुरू केलंय, बाकीचं नुसतं दगडावर पाय चाचपणं होतं.

त्या चौथ्या गुरुवारी मिलिंद आला तोच खुशीत. त्याची आई महिन्याभराच्या व्हिजिट व्हिसावर आली होती. पहिल्यांदा. नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या शेतात राबून पोराला शिकवलेली बाई. तो मला म्हणाला, "भाऊ, उद्या माय येऊन राहिली संग. तिले एकडाव दाखवाचं हाय, तिचं पोट्टं समुद्रातून काय काढते ते. गाठ पक्की बांधजा बरं." असं म्हणून त्याने डबी माझ्या हातात ठेवली.

मी मान हलवली. आणि कोरडी बांधली.

झालं. हेच ते. त्याची आई येणार हे माहीत असून. त्याने तोंडाने मागितलं असून. तुम्ही म्हणाल, का रे बाबा, एवढं कसलं विष? मी म्हणेन, होतं. होतं तेवढं होतं. मापून ठेवलं नव्हतं.

माय शुक्रवारी आली ती नऊवारीत, आणि पायात मनाम्याच्या बाजारातून घेतलेले पांढरे स्पोर्ट शूज. बाबलने दगडांवर घडीची खुर्ची लावून दिली. मला बघून म्हणाली, "तुमीच का ते नाखवा? पोट्टं फोनवर तुमचंच गुनगान करते. लेकरासारखं शिकवलं म्हनते तुमी." मी म्हटलं, "कसलं काय, पोरगा हुशार आहे." तिने गावाहून कुटलेलं तिखट आणलं होतं, किलोभर. पोराने काढलेला मासा त्यात करायचा, म्हणून.

नऊच्या सुमारास मिलिंदचा रॉड वाकला. साधा नाही, पाण्यापर्यंत वाकला. रीळ किंचाळायला लागलं. बाबल लांबून ओरडला, "सोडू नको! कपारीत जाऊक देऊ नको!" मिलिंद एक एक वीत मागे घेत होता, अगदी मी शिकवलं होतं तसं, रॉड वर, मग खाली करताना गुंडाळायचं. माय उभी राहिली. खुर्ची मागे दगडात पडली, तिला कळलंसुद्धा नाही. "वढ रे बाप्पा, वढ!" असं म्हणत टाळ्या पिटत होती. एकदा मासा वर आला, तपकिरी पाठ, ठिपके, आणि हे एवढं तोंड. सहा किलोच्या खाली नसेल, आणि मी किलो वाढवून सांगणाऱ्यातला नाही. मी पाच पावलांवर होतो. हातात जाळीची डूल होती, मासा काठाला आला की खालून घालायची. मनात म्हणत होतो, टिक. खरंच म्हणत होतो का? की सुट म्हणत होतो? आज विचारलं तर दोन्ही आठवतं.

रॉड ताठ झाला. आवाज नाही, झटका नाही. नुसता ताठ.

मिलिंदने रिकामी तंगूस गुंडाळून आणली आणि टोक हातात धरलं. आता बघा — तंगूस दगडावर कापली तर टोक खरबरीत निघतं. जोराने तुटली तर सरळ. पण गाठ सुटली तर टोक वळलेलं असतं, पिळलेलं. ज्याने दोन वर्षं गळ टाकलाय त्याला हे कळतं. मिलिंदला तर मीच सांगितलं होतं. त्याने ते वळलेलं टोक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बाबल दगडावरून उड्या मारत येत होता, "काय झाला रे, काय झाला?" तो पोचायच्या आत मिलिंदने ते टोक दातांनी तोडलं आणि पाण्यात थुंकून टाकलं.

"मीच रिळाचा ब्रेक जास्त आवळला बे," तो बाबलला म्हणाला. "माही चूक."

त्याला वाटलं, माझ्या हातून गाठ चुकली. वय झालं, नजर गेली, कंटाळा आला — काहीतरी असंच वाटलं असणार. आणि चारचौघांत, आईसमोर, नाखव्याची शोभा होऊ नये म्हणून त्याने ते स्वतःवर घेतलं. मुद्दाम असेल, हे त्याच्या मनात आलं असेल का? मला माहीत नाही. पाच वर्षांत विचारलेलं नाही. त्या बघण्यात काय होतं ते मी कितीदा तरी आठवून बघितलंय. राग नव्हता, एवढं नक्की.

आणि मी काय बोललो माहीत आहे? तोंड बंद ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "घाई नडली तुला. नवीन माणसाचं असंच होतं." चौथ्या वर्षाच्या माणसाला नवीन म्हणालो. तो खाली बघून "हाव भाऊ" म्हणाला. माय खुर्ची उचलायला वाकली.

त्या दिवशी दोन बऱ्यापैकी शेऱ्या लागल्या, त्या मला. मिलिंदने आग्रह करून सगळ्यांना घरी नेलं. मायने माझ्या शेऱ्या तिच्या त्या तिखटात केल्या आणि पहिला, सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. "तुमी होते म्हनून घरात मासा आला," म्हणाली. तुम्हाला वाटत असेल, घास माझ्या घशाखाली उतरला नसेल. उतरला. झणझणीत झालं होतं. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी बाबलने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नाखवानू, आज खंय?" बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? जे हवं होतं ते मिळालं, आणि ते मिळाल्यावर बरंच वाटतं. मी सित्रा म्हटलं, गाडी सित्र्याला गेली. तिथे काही लागलं नाही, पण कुणी ब्र काढला नाही.

मिलिंदने वही आणणं बंद केलं. मी एकदाच विचारलं, कुठे गेली वही? म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, कागदावर काय समजते." भरतीबिरती काही बोलत नाही आता. मी सांगतो त्या दगडावर बसतो. माय पुन्हा आली नाही, गुडघे गेले तिचे. विमानाच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्याने पुन्हा तेवढा मासा काढलाही नाही. काढला असता तरी बघायला कोण होतं?

सांगून टाकायचं होतं का त्याला? कशाला? माझं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवायला? की तो "जाऊ द्या भाऊ" म्हणेल आणि मी मोकळा होईन म्हणून? तो तसं म्हणेल, मला खात्री आहे. म्हणूनच सांगत नाही. ती सोय मला नको. मी केलं, मी जाणून केलं, आणि ते माझ्याकडेच राहील. तुम्ही काय समजायचं ते समजा.

दरवर्षी हामूरचे दिवस आले की कुणीतरी नवीन माणूस आमच्यात येतो, आणि मिलिंद त्याला तो किस्सा सांगतो. छान सांगतो. स्वतःचीच नक्कल करतो, रॉड कसा वाकला, माय कशी टाळ्या पिटत होती, खुर्ची कशी पालथी पडली. आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "गाठ नाखवाभाऊची होती, एक नंबर. हातच माहा खराब." सगळे हसतात. गेल्या शुक्रवारी पुन्हा सांगितला त्याने. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.